खाडीकाठच्या 'इको' टाऊनशिपमध्ये राहायला जावं का?

ताई, तुमचा प्रश्न मोठा होता, थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. डोंबिवलीचा फ्लॅट विकून रत्नागिरीजवळ खाडीला लागून होणाऱ्या एका प्लॅन्ड, इको-फ्रेंडली टाऊनशिपमध्ये टू बीएचके घ्यायचा विचार आहे, ब्रोशरमध्ये एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), सोलर, रेन वॉटर हार्वेस्टिंग, ग्रीन रेटिंग, मॅन्ग्रोव्ह व्ह्यू सगळं लिहिलंय, तर तिथे राहणं खरंच कसं असतं, पाण्याची भीती किती, सासूबाईंना झेपेल का, आणि शेवटी गाडीला गंज लागतो का. बरोबर ना?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. निम्मी नोकरी किनाऱ्यावर इमारती उभ्या करण्यात गेली, आता तशाच इमारतींची ऑडिटं करतो, आणि राहतो पण खाडीकाठच्या एका लेआऊटमध्येच. राहायला छान आहे हो, संध्याकाळचा वारा सुटला की परत शहरात जायची इच्छा होत नाही. पण ब्रोशरमधल्या त्या यादीवरून जागा इको आहे की नाही हे काहीच कळत नाही. कुठल्याही साईटवर गेलो की मी पहिला प्रश्न विचारतो, बारमाही राहणारी बिऱ्हाडं किती? लोक हसतात, म्हणतात इंजिनिअरने कॉलम बघावेत, हे कसले प्रश्न. पण खरं सांगतो, कोकणातल्या अशा टाऊनशिपचं सगळं गणित इथेच बसतं नाहीतर फसतं.

एसटीपीचंच घ्या. आत जिवाणू पाळलेले असतात, त्यांनी मैला खायचा आणि आपण त्यांना चोवीस तास हवा द्यायची, एवढंच असतं ते. गोठ्यात जनावर ठेवल्यासारखं आहे, रोज वैरण पडलीच पाहिजे. आता शंभर फ्लॅटचा प्लांट बांधलाय आणि बाराही महिने राहतात जेमतेम वीस घरं, बाकीचे सेकंड होमवाले, तर प्लांटला खायलाच नाही, जिवाणू मरतात, हवा देणारा ब्लोअर उगाच फिरत राहतो, मग कमिटी म्हणते लाईट बिल कमी करा, ब्लोअर बंद करा, की संपलंच. आणि मग गणपती येतात. सगळे चाकरमानी एका आठवड्यात हजर, प्रत्येक फ्लॅटमध्ये आठ-आठ माणसं, लोड एकदम पूर्ण. जिवाणू परत वाढून प्लांट नीट चालायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर विसर्जन होऊन लोक मुंबईला परत. मधल्या काळातलं पाणी कुठे गेलं? खाडीत. तिथेच गावातल्या बायका ओहोटीला मुळे नि कालवं, म्हणजे खायची शिंपली, काढायला उतरतात. मे महिन्यात परत तेच. त्यामुळे सेल्सवाल्याला विचारायचं ते हे की प्लांट दोन समांतर भागात बांधलाय का, म्हणजे माणसं कमी असताना एक भाग बंद ठेवता येतो, आणि सीझनच्या आधी दुसऱ्या चालू प्लांटमधून स्लज, म्हणजे जिवंत जिवाणूंचा गाळ, आणून टाकायची सोय कोणी केलीये का. त्याला उत्तर नाही आलं तर त्याचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. पण मग तुम्ही समजून जायचं.

दुसरं, शुद्ध केलेलं पाणी आम्ही बागेला वापरतो असं सगळेच सांगतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रत्नागिरीत बागेला पाणी कोण घालतं? माणशी १३५ लिटर धरलं तर त्यातलं ४५ लिटर फ्लशला जातं, म्हणजे फ्लशसाठी वेगळी पाईपलाईन असेल तर तेवढं बारा महिने वापरलं जातं, बाकीचं पावसाळ्यात सोडूनच द्यावं लागतं. ते सोडायला हरकत नाही, पण ते खरोखर शुद्ध झालेलं पाहिजे, आणि फ्लशची वेगळी लाईन कागदावर नको, तुमच्या बाथरूममध्ये दिसायला पाहिजे.

आता पाण्याच्या भीतीबद्दल, कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

ब्रोशरमधले फोटो बघितलेत का नीट? बहुतेक युरोपातले असतात. स्टॉकहोमचं हामार्बी, माल्मोचं जुन्या गोदीच्या जागेवर २००१ च्या घरबांधणी प्रदर्शनासाठी उभं राहिलेलं बो झिरो वन, अशा वस्त्या. आहेतच त्या चांगल्या, हामार्बीत तर कचरा पाईपमधून हवेने ओढून नेतात आणि सांडपाण्यापासून बायोगॅस करतात. पण तिथे घरं पाण्याच्या इतकी काठावर बसलीत कारण बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच आणि स्टॉकहोमला वर्षभरात पाऊस पडतो साधारण साडेपाचशे मिलीमीटर. आपल्याकडे तीन हजारांच्या वर, तोही चार महिन्यात, आणि खाडी दिवसातून दोनदा वर-खाली. हॅम्बर्गच्या हाफेनसिटीत एल्ब नदीला पूर येतो, वादळात समुद्राचं पाणी आत घुसतं, तर त्यांनी काय केलं, इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचीच्या जोत्यावर चढवल्या आणि पार्किंग त्या जोत्यात घातलं. फोटो त्यांचा छापायचा तर जोतं पण त्यांच्यासारखं बांधा ना.

आपल्याकडे धोका नुसत्या भरतीचा नसतो आणि नुसत्या पावसाचाही नसतो, दोन्ही एकाच वेळी आल्याचा असतो. उधाणाची भरती पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, आणि आपल्या किनाऱ्यावर ती साधारण दुपारी बाराच्या आगेमागे आणि तशीच मध्यरात्री लागते. जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, अजूनही बऱ्यापैकी बरोबर येतं. आता या वेळेला वर धो-धो पाऊस असेल तर तुमच्या टाऊनशिपच्या गटाराचं तोंड खाडीच्या पाण्याखाली असतं, पाणी बाहेर जाऊच शकत नाही, उलट आत येतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये काय झालं आठवतंय ना, अतिवृष्टी, वाशिष्ठी आणि शिव नदीला पूर, आणि पौर्णिमा एक-दोन दिवसांवर, भरती चढलेली.

याच्यावर उपाय नाही असं नाही. नवी मुंबई बघा, आपल्या किनाऱ्यावरचं पाण्याकाठचं सगळ्यात मोठं प्लॅन्ड शहर तेच, ते वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये झाली आणि बरेचसे सखल नोड, म्हणजे तिथली उपनगरं, खाजणात (भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत) भराव टाकून उभे केले. तिथे त्यांनी धारण तलाव बांधले, होल्डिंग पॉन्ड म्हणतात ते. भरतीच्या वेळी तोंडावरच्या झडपा खाडीच्या पाण्याच्या दाबाने बंद होतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की झडपा उघडून ते निघून जातं. पंपाशिवाय, निव्वळ उताराने आणि वेळेच्या हिशोबाने. मला ती कल्पना फार आवडते. पण पुढे काय झालं, तलावात गाळ साठला, गाळावर कांदळवन (मॅन्ग्रोव्ह) उगवलं, कांदळवन म्हटलं की कोर्टाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, गाळ काढायचं काम वर्षानुवर्षं अडकलं आणि तलावाची पाणी धरायची ताकद कमी होत गेली. म्हणजे डिझाईन उत्तम, पण दरवर्षी करायचं काम दरवर्षी झालं नाही तर निसर्ग ती जागा परत घेतो, आणि तोही नियमानेच. तुमच्या टाऊनशिपमध्ये जो 'लेक' दाखवलाय तो नुसता शोभेचा आहे की पाणी थांबवायचा, त्याला झडप आहे का, गाळ कोण काढणार, हे विचारा. बेसमेंट पार्किंग असेल तर मी सरळ नको म्हणेन. आणि एसटीपीचे पंप, लिफ्टचा पॅनेल, जनरेटर यातलं काहीही तळघरात असेल तर पुराच्या पहिल्या तासात तुमची लाईट, पाणी आणि लिफ्ट तिन्ही जातात, हे लिहून ठेवा.

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, लोक फार बोलतात म्हणून थोडंसं. १९९१ चं पहिलं नोटिफिकेशन, मग २०११, मग २०१९. खाडीसाठी आताच्या नियमात ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी ते अंतर धरतात, आधी १०० मीटर होतं. कांदळवन १००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्याभोवती ५० मीटरचा बफर. भरतीरेषा कुठे आहे हे बिल्डरने सांगायचं नसतं, मान्यताप्राप्त संस्थेने १:४००० च्या नकाशावर आखलेली असते, तो नकाशा मागा आणि त्यावर तुमची इमारत कुठे बसते ते बघा. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, तिच्या अटी सरकारच्या परिवेश पोर्टलवर असतात आणि महारेरावर बाकीची मंजुरीपत्रं. कंटाळवाणं आहे पण एक रविवार घालवा. 'खाडीकडचं क्लबहाऊस नंतर होणार, परवानगी येतेय' असं कोणी म्हणालं तर ते होणार नाही असं धरून किंमत ठरवा.

ग्रीन रेटिंगबद्दल एवढंच, की आयजीबीसीचं (हे रेटिंग देणारी संस्था) प्री-सर्टिफिकेशन हे डिझाईनवर मिळतं, इमारत उभी राहायच्या आधी, आणि जाहिरातीत बहुतेक तेच छापलेलं असतं. बांधून झाल्यावरचं फायनल सर्टिफिकेट वेगळं. आणि मला विचाराल तर पश्चिमेला पूर्ण काच लावलेली सी-फेसिंग इमारत प्लॅटिनम, म्हणजे सगळ्यात वरच्या रेटिंगची, असली तरी दुपारी तीनला त्यात एसीशिवाय बसता येत नाही. आपल्या जुन्या घरांना पडवी, उतरतं कौल, खोल वळचण कशाला होती? ऊन आणि पाऊस दोन्ही भिंतीपर्यंत येऊ नये म्हणून. छज्जा किती बाहेर काढलाय ते मोजा, तो दोन फुटाचा असेल तर बिल्डरने इथला पाऊस बघितलेला आहे असं समजा. आणि विटांच्या भिंतीवर जांभ्या दगडाच्या पातळ चिपा चिकटवून 'लोकल मटेरियल' लिहिलेलं असतं ना, त्याचं मला फार हसू येतं.

पाणी येण्याचं पण बघायला हवं. तीन हजार मिलीमीटर पाऊस आणि मे महिन्यात टँकर, हे कोकणाचं जुनं दुखणं आहे. कारण आपला जांभा पाणी धरत नाही, वरून ओतलं की झिरपून खालच्या बाजूला वहाळाला नाहीतर खाडीला लागतं. त्यामुळे देशावरच्या पद्धतीचे रिचार्ज पिट इथे मारले तर पावसाचं पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे थांबेल असं नाही. खाडीलगतच्या विहिरी बोअरवेल तर एप्रिलपासून मचूळ होतात, जितका जोरात उपसा तितकं खारं पाणी आत. रिचार्जने खारेपणा थोडा मागे रेटला जातो हे खरं, पण पिण्याचा भरवसा टाकीवरच. हिशोब करून बघा, १००० चौरस मीटरच्या छपरावर तीन मीटर पाऊस म्हणजे ३० लाख लिटर, थोडं वाया धरलं तरी २४ लाख. ऐकायला खूप वाटतं. पण ४० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर म्हणजे रोजचे २१,६०० लिटर, आणि पाच लाख लिटरची भलीमोठी टाकी बांधली तरी ती तेवीस दिवसात रिकामी. म्हणून हार्वेस्टिंग म्हणजे टाकी किती लाख लिटरची हा एक प्रश्न, आणि नळाची योजना खरोखर आलीये का की 'प्रस्तावित' आहे हा दुसरा.

आता माझा आवडीचा विषय, खारं वारं. आयएस ४५६ हे आपलं काँक्रीटचं कोड, २००० सालचं. त्यात किनाऱ्याच्या हवेत उघडं असलेलं काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात येतं, किमान एम ३० (एम म्हणजे काँक्रीटची ग्रेड, आकडा मोठा तितकं मजबूत) आणि सळईवर ४५ मिलीमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. समुद्राचे तुषार थेट येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलीमीटर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खांबांना एम ४० आणि ७५. शहरातून आलेला काँट्रॅक्टर शहरातल्या सवयीने २५ मिलीमीटरचे कव्हर ब्लॉक टाकतो, किंवा ब्लॉक पण नाही, सळईखाली खडीचा तुकडा सरकवतो, आणि दहा-बारा वर्षांनी बाल्कनीच्या खालचे पोपडे पडायला लागतात. मीठ काँक्रीटमधून हळूहळू सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज फुगतो, फुगला की काँक्रीट फोडून बाहेर. आधी छज्जे आणि बाल्कन्या जातात, कॉलमचं नंतर. मिक्सिंगला मचूळ विहिरीचं पाणी किंवा न धुतलेली खाडीची रेती वापरली असेल तर मीठ आतच भरलेलं, मग वाट पण बघावी लागत नाही. साईटवर जाऊन सुपरवायझरला सहज विचारा की सिमेंट कुठलं, स्लॅग सिमेंट असेल तर चांगलं, मिठाला ते जास्त दाद देत नाही. पाणी कुठून आणता तेही विचारा. पहिला फेज राहता झाला असेल तर फ्लॅट नंतर बघा, आधी जुन्या इमारतीच्या बाल्कनीखाली उभं राहून वर बघा.

रेलिंग स्टीलचं म्हणतील, ३०४ ग्रेड असेल तर दोन पावसाळ्यात तपकिरी डाग, ३१६ पाहिजे. खिडक्या यूपीव्हीसी घ्या, फक्त बिजागऱ्या आणि स्क्रू कसले आहेत ते बघा, फ्रेम टिकते आणि स्क्रू सडतो. एसीचं आऊटडोअर युनिट खाडीच्या बाजूला लावू नका, कोटिंगवालं घ्या. सोलर सोसायटीच्या कॉमन लाईटसाठी जरूर बसवा, २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे, पण स्ट्रक्चरचे बोल्ट आणि वाऱ्याचं डिझाईन इंजिनिअरकडून तपासून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या आसपास धडकलं तेव्हा ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा होता, त्यात काय काय उडालं ते रायगडवाल्यांना विचारा.

या सगळ्याला पैसे लागतात आणि ते बिल्डर गेल्यावर लागतात. इथे परत माझा पहिला प्रश्न, बारमाही बिऱ्हाडं किती. निम्मे मालक दुबईत नि पुण्यात, मेंटेनन्स थकलेला, एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, सात माणसं, अशा सोसायटीत काँक्रीट दुरुस्तीचा ठराव कधीच पास होत नाही. मॉडेल बायलॉजप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी असतं, समुद्राजवळ मी पंधरा वर्षं थांबायला सांगत नाही, दहाव्यालाच करा. ओल्या कचऱ्याचंही तसंच, ५००० चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांनी तो आवारातच जिरवायचा असा २०१६ च्या नियमांचा रोख होता, पण कंपोस्टचा खड्डा हलवायला माणूस लागतो. चार बिऱ्हाडं मनावर घेतात तिथे चालतं, मशीन विकत घेतलेल्या ठिकाणी मी ते बहुतेक बंदच बघितलंय, आत झाडू ठेवलेले.

शेजाऱ्यांबद्दल पण बोलायला पाहिजे, ते ब्रोशरमध्ये नसतात. खाडीकाठ म्हटला की आधीपासून खारवी, कोळी, भंडारी वाडी असणारच, होड्या लागणार, सुकट वाळणार, वास येणार. एका टाऊनशिपच्या मीटिंगमध्ये मासे सुकवण्याबद्दल तक्रार करायचा ठराव आला होता, मी तिथे ऑडिट रिपोर्ट वाचायला गेलो होतो, रिपोर्ट बाजूला ठेवून अर्धा तास त्यावरच बोललो. खाडीकडे जाणारी जुनी पाखाडी (पायवाट) गेट लावून बंद केली असेल तर ते घर घेऊ नका, एक तर ते चूक आहे आणि दुसरं म्हणजे भांडण तुमच्या दारात येणार. उलट वाट मोकळी असेल तर सकाळी ताजी मासळी दारात येते आणि वादळाची खबर मोबाईलच्या आधी कळते.

सासूबाईंचं. हवा मानवेल, पण पावसाळ्यात दमट इतकं असतं की कपाटातल्या साड्यांवर बुरशी येते, संधिवात असेल तर त्रास होतो, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. लाईट जाते, वादळात एक-दोन दिवस पण जाते, तेव्हा लिफ्ट बंद, त्यामुळे त्यांच्यासाठी पहिला किंवा दुसरा मजला, तळमजला नको आणि सहावा तर नकोच. हॉस्पिटल किती किलोमीटर हे विचारू नका, पावसात रात्री किती मिनिटं लागतात ते एकदा गाडी चालवून बघा. आणि सगळ्यात मोठा त्रास एकटेपणाचा, डोंबिवलीत जिन्यात चार बायका भेटतात, इथे ऑक्टोबरच्या मंगळवारी मजल्यावरच्या चार दारांपैकी तीन कुलुपं. म्हणून सांगतो, विकत घ्यायच्या आधी तिथेच भाड्याने एक फ्लॅट घ्या जून ते सप्टेंबर, सेकंड होमवाले आनंदाने देतात. रात्री आठला खाली उतरून दिवे लागलेल्या खिडक्या मोजा, गणपतीचे दिवस सोडून. निम्म्याच्या वर असतील तर घ्या. पाव पण नसतील तर पैसे डोंबिवलीतच राहू द्या आणि मे महिन्यात पाहुणे म्हणून या. भाड्याने राहताना एसटीपीच्या ऑपरेटरशी ओळख करून घ्या, त्याचा पगार वेळेवर होतो का आणि लॉगबुक रोज भरतो की महिन्याच्या शेवटी एकदम, एवढं कळलं तरी पुष्कळ.

गाडीचं राहिलंच. गंज लागतो, खालून लागतो. अंडरबॉडी कोटिंग करून घ्या, आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुवा, आणि कव्हर अजिबात घालू नका, आत दमट राहून उलट लवकर सडते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवा, टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावून.